पोलीस भरतीची तयारी, जाड तळाचे बूट आणि दुखरी नडगी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली भरती अकॅडमी. पहाटे साडेपाचला ग्राउंड, आठला नाश्ता, दुपारी लेखीचे वर्ग, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. इथं तयारी करणाऱ्या वीस वर्षांच्या एका मुलीचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बुटांची मापं आणि सरावाचे आकडे मात्र नोंदीप्रमाणेच ठेवले आहेत.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण असतात, १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. गोळाफेक आणि १०० मीटरमध्ये ही मुलगी चांगली होती. अडत होतं ते ८०० मीटरला. वेळ ३ मिनिटे ८ सेकंद लागत होती आणि तिला २ मिनिटे ५० सेकंदांपर्यंत यायचं होतं. वजन ५२ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. सराव आठवड्यातून सहा दिवस, अंतर साधारण २८ किलोमीटर, तेही जवळजवळ सगळं मुरमाच्या मैदानावर, फक्कीनं आखलेल्या २०० मीटरच्या फेरीत.

पायात आठवडी बाजारातून ९०० रुपयांना घेतलेले बूट. चौदा महिने वापरलेले. पावसाळ्यात ते दोनदा चुलीजवळ वाळवले होते. उजव्या बुटातून अंगठा बाहेर आला तेव्हा दसऱ्याला भावानं शहरात नेऊन ६,५०० रुपयांचे नवे बूट घेऊन दिले. घरच्या मानानं ही मोठी रक्कम होती. पुढच्या प्रत्येक निर्णयावर या पैशांचं दडपण राहिलं, हे सुरुवातीलाच सांगायला हवं.

दुकानात ओल्या पायाचा ठसा घेतला गेला. ठशात कमानीचा भाग जवळजवळ पूर्ण भरलेला दिसला. ‘ताई, तुमचा तळवा सपाट आहे, पाय आत पडतो. सपोर्टवालाच बूट घ्या, नाहीतर गुडघे जातील,’ असं सांगण्यात आलं. त्याप्रमाणे आतल्या बाजूला कडक फोमचा आधार असलेला जाड तळाचा बूट घेतला. ‘रनिंगचा बूट एक नंबर मोठाच घ्यायचा’ या समजुतीनं पाच नंबरच्या पायाला सहा नंबर घेतला गेला.

अडचण

दुसऱ्या दिवसापासून सगळा सराव नव्या बुटात सुरू झाला. पायाखाली गादी असल्यासारखं वाटत होतं. डांबरावर पाऊल आपटत नाही म्हणून सकाळचं धावणं मैदानावरून हायवेच्या सर्व्हिस रोडवर गेलं. दम टिकतोय म्हणून अंतर वाढलं. तिसऱ्या आठवड्यात ते ३८ किलोमीटर झालं होतं.

त्याच आठवड्याच्या अखेरीस डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं. आधी फक्त धावायला सुरुवात करताना दुखायचं, अंग गरम झालं की थांबायचं. चार-पाच दिवसांत ते धावून झाल्यावरही राहू लागलं, मग सकाळी जिना उतरताना. उजव्या नडगीतही बारीक कळ होती. वेळ सुधारायच्या ऐवजी ३ मिनिटे १२ सेकंदांवर गेली. चाचणी अकरा आठवड्यांवर होती.

मैदानावर तिला तीन सल्ले मिळाले. एकानं सांगितलं, बूट अजून बसले नाहीत, चालू ठेव. दुसऱ्यानं सांगितलं, बूट काढून अनवाणी पळ, जुनी पोरं तशीच भरती झाली. तिसऱ्यानं सांगितलं, कार्बन प्लेटवाले घे, बाजारात अडीच हजारांत फर्स्ट कॉपी मिळते. अकॅडमीच्या सरांनी तिघांचंही न ऐकता तिचं धावणं थांबवलं आणि तिला उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. सगळ्या प्रकरणात हा निर्णय सर्वांत मोलाचा ठरला.

पहिला निर्णय: हाडाची दुखापत आहे का?

नडगीच्या दुखण्यात बुटाकडे वळण्याआधी एक गोष्ट निकालात काढावी लागते. हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असेल तर बूट, सुखतळा, मालिश यांतलं काहीही करत बसणं धोक्याचं असतं. तपासणीत बोटानं नडगीची आतली कड वरून खाली दाबत नेली. दुखणारा पट्टा सुमारे ९ सेंटिमीटर लांब होता, एका ठिकाणी टोचावं तसं कुठंच नव्हतं. रात्री झोपेत दुखत नव्हतं. एका पायावर दहा उड्या मारल्यावर दुखणं दहापैकी तीन, तेही पसरलेलं. लांब पट्टा, रात्रीची शांतता आणि पसरलेलं दुखणं ही तिन्ही लक्षणं हाडाच्या आवरणावर आणि त्याला चिकटणाऱ्या स्नायूंवर आलेल्या ताणाची होती. नखाएवढ्या जागेत तीव्र दुखलं असतं, किंवा रात्री ठणकलं असतं, तर तिथंच थांबून एमआरआय करावा लागला असता. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत असा तडा बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर उतार पडला नाही तर एमआरआय करायचं, असं ठरलं.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाळीबद्दल विचारलं. गेले दोन महिने ती लांबत होती. सकाळच्या सरावाआधी ती काहीच खात नव्हती. हिमोग्लोबिन १०.४ निघालं. स्त्रियांमध्ये ते १२ च्या वर असावं लागतं. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नसेल तर पाळी बिघडते आणि हाडांची दुरुस्तीही मागे पडते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि सरावाआधी दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे, सरावानंतर तासाभरात जेवण असं ठरलं. अकॅडमीत हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. बुटाच्या चर्चेत असं अनेकदा होतं: हाताला लागणारी वस्तू तीच असल्यानं सगळा दोष तिच्यावर जातो.

बूट तपासल्यावर काय दिसलं

दोन्ही जोड टेबलावर शेजारी ठेवले. बुटाची जाडी बाहेरून मोजली तर फसगत होते. हल्लीच्या बुटांत फोमची कड पायाच्या वर चढवलेली असते, त्यामुळे तळ आहे त्यापेक्षा जाड दिसतो. सुखतळा काढून बुटाच्या आत पट्टी उभी धरून आतली खोली मोजायची आणि ती बाहेरच्या उंचीतून वजा करायची, म्हणजे पाय प्रत्यक्ष किती उंचीवर बसतो ते कळतं. नंतर सुखतळ्याची जाडी मिळवायची.

जुना बूट टाचेखाली १९ मिलिमीटर आणि चवड्याखाली १५. टाच आणि चवडा यांतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, ४ मिलिमीटर. वजन २०५ ग्रॅम. नवा बूट टाचेखाली ३५, चवड्याखाली २५, ड्रॉप १०, वजन २८५ ग्रॅम. म्हणजे एका रात्रीत पायाखाली १६ मिलिमीटर टाच वाढली आणि प्रत्येक पावलाला ८० ग्रॅम. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावण्याचा ऊर्जाखर्च साधारण १ टक्क्यानं वाढतो. तीन मिनिटांच्या शर्यतीत तो सेकंदाच्या आसपासचा फरक आहे. दुखण्याशी त्याचा संबंध नाही, वेळेशी आहे.

जुन्या बुटाचा फोम मेलेला होता. टाचेच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या होत्या आणि अंगठ्यानं दाबल्यावर तळ दबतच नव्हता. स्वस्त-महाग बहुतेक बुटांच्या मधल्या थरात ईव्हीए नावाचा फोम असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तो धावण्याच्या बुटांत आहे. त्यात हवेचे बंद सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक पावलाला ते चेपतात आणि परत फुलतात. हजारो पावलांनंतर कप्प्यांच्या भिंती मोडतात, थर चपटा आणि कडक होतो. उष्णतेनं तो आकसतो, म्हणून चुलीजवळ, पत्र्यावर किंवा गाडीच्या डिकीत बूट वाळवणं हे त्याचं आयुष्य कमी करणं आहे. पॉलियुरेथेनचा तळ असलेल्या बुटांचं दुखणं वेगळं: दमट हवेत त्याचं रासायनिक विघटन होतं. कोकणात कपाटात जपून ठेवलेल्या, फारसे न वापरलेल्या बुटाचा तळ भाकरीसारखा तुटतो तो यामुळे.

नवा बूट मागून पाहिला. आतल्या बाजूला करड्या रंगाचा कडक फोमचा पाचरीसारखा तुकडा होता. बाकी मधला थर अंगठ्यानं सहज दबत होता, हा तुकडा जवळजवळ नाही. पाय आत कलू लागला की कडक बाजू कमी दबावी आणि कलणं मंदावावं, हा त्यामागचा विचार. काही कंपन्यांनी अलीकडे असा तुकडा काढून पायाच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उंच कडा देणं किंवा तळाचा पायाच रुंद करणं पसंत केलं आहे. टाचेचा कप मजबूत होता, बूट वाकवल्यावर चवड्यापाशीच वाकत होता, पिळल्यावर थोडाच पिळत होता. बूट म्हणून तो चांगला बनवलेला होता, याबद्दल शंका नाही.

नंबर मात्र चुकला होता. सुखतळा काढून त्यावर उभं केल्यावर अंगठ्यापुढे जवळजवळ २० मिलिमीटर जागा राहिली. १० ते १२ मिलिमीटर पुरते. त्याच वेळी चवडा दोन्ही बाजूंनी सुखतळ्याच्या कडेबाहेर येत होता. तिला रुंद बूट हवा होता आणि तिनं लांब घेतला होता. आपल्याकडे ही चूक सर्रास होते, कारण दुकानात रुंदीचे पर्याय क्वचित मिळतात आणि चवडा आवळला की नंबर वाढवला जातो. लांब बुटात पाय पुढे सरकतो, तो धरून ठेवायला बोटं आकसतात. बोटं आकसणारा लांब स्नायू सुरू होतो नडगीच्या मागच्या-आतल्या बाजूला, म्हणजे दुखणाऱ्या जागेलाच लागून.

मोबाइलवर मंद गतीचं चित्रण केलं, मागून आणि बाजूनं. जुन्या बुटात पाऊल जवळजवळ सपाट, शरीराच्या खाली पडत होतं आणि मिनिटाला १७२ पावलं पडत होती. नव्या बुटात त्याच वेगाला पावलं १६२ झाली आणि टाच शरीराच्या बरीच पुढे पडू लागली. मऊ, उंच टाचेमुळे तिचं पाऊल नकळत लांब झालं होतं. मागून पाहता डावा पाय उजव्यापेक्षा जास्त आत कलत होता. ती सर्व्हिस रोडवर समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेनं धावायची. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डावं पाऊल रोज वरच्या बाजूला पडून आत वळत होतं. मैदानावर फेरी नेहमी डावीकडे वळणारी, २०० मीटरच्या फेरीत वळणंही आवळ. तिथंही भार डाव्या पायावरच. डावी नडगी जास्त का दुखत होती याचं उत्तर इथं मिळालं.

मऊ बूट आणि हाडावरचा भार

तिचा प्रश्न साधा होता: ‘पायाला मऊ लागतंय, मग हाड का दुखतंय?’

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट बल परत येतं. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं. आठवड्याला ३८ किलोमीटर म्हणजे प्रत्येक पायाला १९ हजारांच्या आसपास वेळा हा भार. फोम त्या धडकेची धार बोथट करतो, पण एकूण बल तो गिळून टाकत नाही. शिवाय नडगीवरचा मोठा भार जमिनीच्या धडकेचा नसतोच, तो पोटरीच्या स्नायूंच्या ओढीचा असतो, आणि ती ओढ पाऊल अर्ध्यावर आल्यावर सर्वाधिक होते. तळव्याला जाणवणारा मऊपणा या ओढीबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरं असं की शरीर पायाखालच्या पृष्ठभागाप्रमाणे स्वतःला बदलतं. खाली मऊ असेल तर पाय ताठ ठेवला जातो. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये साधा बूट आणि खूप जाड तळाचा बूट यांची तुलना केली. ताशी १४.५ किलोमीटर वेगाला जाड बुटात पायाचा ताठरपणा आणि धडकेचा भार उलट जास्त निघाला. ८०० मीटर तीन मिनिटांत म्हणजे ताशी १६ किलोमीटर. तिच्या वेगाचे सराव नेमके याच पट्ट्यात येत होते.

यावरून मऊ बूट वाईट असा निष्कर्ष काढणंही चूक ठरेल. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण फोम कमी-जास्त कडक असलेले बूट दिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत कडक फोमवाल्यांना दुखापती जास्त झाल्या, आणि मऊ फोमचा फायदा वजनानं हलक्या लोकांत दिसला. तिथं बुटांची जाडी तीच होती, फक्त फोमचा कडकपणा बदलला होता. जाडी, मऊपणा आणि उसळी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात त्या तिन्हींना मिळून ‘कुशन’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधाराबद्दलही चित्र एकेरी नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर २०१० च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत तळव्याच्या ठशावरून बूट ठरवून दिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना साधे, आधार नसलेले बूट दिले. ज्यांचे पाय आत कलत होते त्यांना दुखापती जास्त झाल्या नाहीत. याउलट लक्झेंबर्गच्याच २०१६ च्या ३७२ धावपटूंच्या चाचणीत पाय आत कलणाऱ्यांना आधाराच्या बुटाचा फायदा दिसला. त्यामुळे आधाराचा बूट निरुपयोगी म्हणता येत नाही. ओल्या पायाच्या ठशावरून तो ठरवता येत नाही, एवढं मात्र नक्की. या मुलीला चवड्यांवर उभं केल्यावर दोन्ही पायांत कमान स्पष्ट उमटली. सपाट तळवा लवचिक होता, आजवर त्यानं कधी त्रास दिला नव्हता, आणि दोन वर्षं ती आधार नसलेल्या बुटातच धावली होती.

दुखण्याची कारणं एकत्र मांडली तर अंतर तीन आठवड्यांत तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं, मुरूम सोडून डांबर आलं, पावलाची लांबी बदलली, नंबर चुकला, रक्त कमी होतं. बुटानं या सगळ्याला वाट मोकळी करून दिली.

विचारात घेतलेले पर्याय

पूर्ण सहा आठवडे विश्रांती हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता, पण नंतर पाच आठवड्यांत ८०० मीटरची तयारी होणं अवघड, आणि घाईत तीच दुखापत परत येण्याची शक्यता मोठी. जुन्या बुटांकडे परतणं तिला मनातून हवं होतं. पाऊल तिथं चांगलं पडत होतं हे खरं, पण फोम संपला होता आणि तळ गुळगुळीत झाला होता. अनवाणी धावण्यानं पाऊल आपोआप आखूड पडतं, तरी पोटरी आणि नडगीवर भार वाढतो. वर्षानुवर्षं अनवाणी वावरलेल्या पायाला ते झेपतं, दुखऱ्या नडगीला अकरा आठवड्यांत शिकवता येत नाही.

फर्स्ट कॉपीचा पर्याय अकॅडमीतल्या मुलांना फार मोहवतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. २०१७ पासून शर्यतींत आलेल्या बुटांत पेबा नावाचा अतिशय हलका, उसळी देणारा फोम आणि त्यात वाकडी कार्बनची पट्टी असते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटर आणि पट्टी एकच अशी मर्यादा घातली ती याच बुटांमुळे. नकलेत आकार आणि रंग तोच असतो. फोम साधा ईव्हीए असतो आणि पट्टी असलीच तर प्लॅस्टिकची. म्हणजे उंच, अरुंद, डुगडुगणारा तळ मिळतो आणि ज्यासाठी पैसे मोजले ती उसळी मिळत नाही. अकॅडमीतल्या एका मुलानं घेतलेल्या अशा जोडीचा गम पत्र्यावर वाळवल्यानंतर पाचव्या आठवड्यात सुटला.

मापाचे सुखतळे बनवून घेणं हाही पर्याय होता. खर्च तिच्या नव्या बुटांएवढाच आला असता आणि लवचिक तळव्यासाठी त्याची निकड नव्हती. तो मागे ठेवला.

राहिला तो मार्ग निवडला: बारा दिवस धावणं पूर्ण बंद, मग हळूहळू परतणं, आणि मध्यम जाडीचा एक साधा बूट. पैसे तीन हजारांच्या आत बसवायचे होते. ६,५०० चा बूट फेकायचा नाही, त्याला वेगळं काम द्यायचं.

केलेली कृती

दुसरा बूट संध्याकाळी घेतला, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सरावाचे मोजे सोबत नेले. चार जोड घालून प्रत्येकात दुकानाबाहेर पाच मिनिटं हळू धावून पाहिलं. निकष तीन ठेवले: चवडा आवळत नाही, टाच वर सरकत नाही, पाच मिनिटांत बुटाची आठवण येत नाही. आराम हा ढोबळ निकष वाटतो, पण सैनिकांवरच्या २००१ च्या एका अभ्यासात ज्यांनी स्वतःला आरामदायी वाटणारे सुखतळे निवडले त्यांना त्रास कमी झाला होता. ठशाच्या तुलनेत तो जास्त भरवशाचा आहे. शेवटी २,८०० रुपयांचा, एकाच घनतेच्या फोमचा, रुंद चवड्याचा पाच नंबर घेतला. टाचेखाली २७ मिलिमीटर, चवड्याखाली १९, ड्रॉप ८, वजन २२५ ग्रॅम.

जाड बुटात ३ मिलिमीटरचा जास्तीचा सुखतळा घातला आणि नाडी शेवटच्या दोन भोकांतून फास करून बांधायला शिकवलं, म्हणजे टाच मागे बसते आणि बोटं आकसावी लागत नाहीत. हा तात्पुरता उपाय होता. चुकलेला नंबर त्यानं दुरुस्त होत नाही.

पहिले बारा दिवस सायकल ४० मिनिटं, एक दिवसाआड विहिरीत पोहणं, बसून गोळाफेकीचा सराव. पोटरीसाठी पायरीवर टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून १२ चे तीन आणि वाकवून १२ चे तीन, आधी दोन्ही पायांवर, आठव्या दिवसापासून एका पायावर. गुडघा वाकवून केलेला प्रकार मुलं टाळतात. नडगीच्या आतल्या कडेला चिकटणारा खोलवरचा स्नायू त्यातच मजबूत होतो.

परतण्याची अट ठरली होती: अर्धा तास भरभर चालून दुखत नाही आणि एका पायावरच्या दहा उड्या बिनदुखीच्या. ती तेराव्या दिवशी पूर्ण झाली. तिथून एक दिवसाआड, एक मिनिट धावणं आणि एक मिनिट चालणं, बारा वेळा, मैदानातल्या गवतावर. धावताना दुखणं दहापैकी दोनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य हवं. सकाळी दुखलं तर मागच्या पायरीवर यायचं. मंद धावणं आणि चालणं जाड बुटात, वेगाचे सराव नव्या मध्यम बुटात, अशी वाटणी केली. बूट आलटून पालटून वापरले की त्याच जागी तोच भार रोज येत नाही.

पावलांची गती मोबाइलमधल्या टिकटिकीवर मिनिटाला १७० ठेवली. ‘टाच टेकवू नको’ अशी सूचना मुद्दाम दिली नाही. ती दिली की मुलं चवड्यांवर नाचत धावतात आणि पोटरी धरते. मंद फेऱ्या एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून. सर्व्हिस रोड बंद.

सहाव्या आठवड्यात गाडं अडलं. बरं वाटतंय म्हणून तिनं पाचपैकी चार दिवस मध्यम बूट वापरला आणि न सांगता १०० मीटरचे आठ धावही मारले. दोन्ही पोटऱ्या धरल्या. जास्त कडक, कमी उंच टाचेचा बूट आणि चवड्यावरचं भरधाव धावणं, दोन्हीचा भार पोटरीवरच जातो. चार दिवस मागे जाऊन मध्यम बूट आठवड्यातून दोनदा केला, मग तीनदा. आठव्या आठवड्यात चाचणीच्या वेगानं २०० मीटर सहा वेळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. नडगी शांत राहिली.

निष्पत्ती

दहाव्या आठवड्यात अकॅडमीतल्या चाचणीत तिनं मध्यम बुटात ८०० मीटर २ मिनिटे ५७ सेकंदांत पूर्ण केलं. प्रत्यक्ष भरतीच्या मैदानावर, आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसानं ओल्या झालेल्या मुरमावर, २ मिनिटे ५५ सेकंद. लक्ष्य पाच सेकंदांनी हुकलं, पण गोळाफेक आणि १०० मीटरच्या गुणांमुळे ती लेखीला पात्र झाली. नडगीचं दुखणं दहापैकी शून्य ते एक. हिमोग्लोबिन ११.८ पर्यंत आलं, पाळी नियमित होऊ लागली. तेरा सेकंदांची सुधारणा बुटाची, रक्ताची की नेमक्या सरावाची, असं वेगळं करून सांगता येणार नाही. सगळं एकाच वेळी बदललं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, जुने बूट फाटेपर्यंत थांबायला नको होतं. सातव्या-आठव्या महिन्यातच तळ दबायचा थांबला असणार. तेव्हा नवा जोड घेतला असता तर दोन्ही चार आठवडे एकत्र वापरता आले असते: पहिल्या आठवड्यात नवा दोन दिवस, तेही फक्त मंद धावण्याला, पुढे दर आठवड्याला एक दिवस जास्त. त्या काळात अंतर आणि मैदान दोन्ही होतं तसंच ठेवायचं. या प्रकरणात बूट, अंतर आणि जमीन तिन्ही एकदम बदललं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही कारण अंतराची नोंदच ठेवली जात नव्हती.

६,५०० रुपये एका जोडीवर घालवण्याऐवजी त्याच पैशांत तीन हजारांच्या आसपासचे योग्य मापाचे दोन जोड आले असते. महाग बुटाचा उपयोग नसतो असं नाही. पण ८०० मीटरची तयारी करणाऱ्या, मुरमावर धावणाऱ्या, ५२ किलोच्या मुलीच्या गरजा मॅरेथॉनवाल्यापेक्षा वेगळ्या आहेत, आणि दुकानात तिला तिचं अंतर कुणी विचारलं नाही.

रक्ताची तपासणी अकॅडमीत प्रवेश घेतानाच व्हायला हवी, विशेषतः मुलींची. पाळीबद्दल मोकळेपणानं विचारू शकेल अशी एखादी ताई मैदानावर हवी. पोटरीच्या सहाव्या आठवड्यातल्या चुकीत मार्गदर्शनाचाही दोष होता: कोणत्या बुटात किती, हे सांगितलं होतं, पण भरधाव धावणं त्यात मोजायचं की नाही हे सांगायचं राहिलं.

अकॅडमीत आता प्रत्येक सुखतळ्याच्या खालच्या बाजूला बॉलपेननं वापर सुरू केल्याची तारीख लिहिली जाते आणि आठवड्याचं अंतर भिंतीवरच्या तक्त्यात भरलं जातं. ५०० किलोमीटरला अंगठ्यानं तळ दाबून आणि बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला जातो. एका बाजूला कलंडला असेल तर तो बाजूला काढतात. या मुलीच्या मध्यम बुटाच्या नावापुढे शेवटची नोंद ४१० किलोमीटरची आहे. सहा नंबरचा जाड बूट आता तिची धाकटी बहीण घालते. तिचा पाय सहा नंबरचाच आहे, आणि ती त्यात कॉलेजला चालत जाते.